जिभेखालची गोळी म्हणजे दुसरं व्यसनच का?

प्रश्न:
धाकटा भाऊ हेरॉइनवर होता. चार दिवसांपासून ओपीडीत ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइन सोडवायला जिभेखाली ठेवायची गोळी, सुरू झालंय. पहिल्या दिवशी तो हेरॉइनविना जांभया देत, नाक पुसत बसला होता, तरी डॉक्टर म्हणाले, अजून थांबा. मला तर रागच आला. आता आई म्हणते, एक सुटलं नि दुसरं लागलं. तिला काय सांगू?

उत्तर १:
ताई, थांबवलं ते बरंच केलं. गोळी सुरू करण्याआधी, हेरॉइनच्या शेवटच्या डोसनंतर मी २० तास कळ काढली होती. अंगात हेरॉइन असताना ही गोळी घेतली, तर ती त्याला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हुसकावते आणि हेरॉइन तुटल्याचा त्रास एकदम उसळतो. मी एकदा घाई केली होती. संडासातून बाहेर यायची सोय राहिली नाही! आईंना सांगा, मी तीन वर्षं गोळीवर आहे, पण नशा चढत नाही, तलफ येत नाही, सकाळी वेळेवर कामाला जातो. गोळी गिळू देऊ नका, जिभेखाली पूर्ण विरघळू दे. मग चूळ भरायची, ब्रश तासाभराने. माझी एक दाढ गेली तेव्हा हे कळलं.

उत्तर २:
सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत, श्वास मंदावतो. आणि डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच.

प्रश्नकर्ती:
तो गिळतच होता! आज समोर बसून बघितलं, आठ मिनिटं लागली.