शहरातल्या घरांचं कार्बन उत्सर्जन प्रदेशागणिक एवढं वेगळं कसं?

शंकासुर:
दोन शहरं धरा, कमाई साधारण सारखी, फ्रिज टीव्ही गाडी सगळं दोन्हीकडे, तरी एका शहरात घरामागे कार्बन दुसऱ्याच्या दुप्पट निघतो म्हणे. सवयींचा फरक की मोजण्यातच गोची आहे?

आकडेमोड:
सवयी राहू दे बाजूला, आधी वीज कशावर बनते ते बघ. कोळशावरच्या एका युनिटमागे साधारण 1 किलो सीओटू, गॅसवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. महिन्याला 200 युनिट वापरणारं घर निव्वळ कोळशाच्या विजेवर असेल तर 200 किलो झाले, तेच घर उचलून नॉर्वेत ठेवलं तर 10 किलोही भरणार नाहीत कारण तिकडची बहुतेक वीज पाण्यावरची. माणसं तीच, बटणं तीच.

गारठा:
आणि थंडी विसरलात राव. चीनमध्ये 1950च्या दशकात हुआय नदीची रेघ धरून उत्तरेकडच्या शहरांना सरकारी हीटिंग दिलं, दक्षिणेला नाही. कोळशावर तापवलेलं पाणी पाइपातून अख्ख्या वसाहतीत फिरतं, जुन्या बिल्डिंगमध्ये रेडिएटरला कॉकच नसायचा आणि बिल घराच्या क्षेत्रफळावर, मग खोली जास्त तापली की लोक सरळ खिडकी उघडायचे. वाचवून एक पैसा सुटणार नसेल तर कोण कशाला वाचवेल!

शंकासुर:
अच्छा, म्हणजे उबदार हवा आणि पाण्यावरची वीज असलेलं शहर कायम स्वच्छच ठरणार?

आकडेमोड:
तिथेच तर खरी मेख आहे. हे सगळं फक्त घरात जाळलेल्या इंधनाचं आणि विजेचं झालं. कपडे, फोन, फर्निचर, फ्लॅटमधलं सिमेंट-स्टील बनताना जो धूर निघाला तो दुसऱ्याच प्रांतात, आणि उत्पादनाच्या हिशोबात तो त्या कारखानेवाल्या प्रांताच्या खात्यावर पडतो. वापरणाऱ्याच्या नावावर टाकला की श्रीमंत, सेवाक्षेत्रावर जगणारी शहरं झपकन वर येतात आणि कोळशाचे पट्टे थोडे खाली. माझ्या मते हाच हिशोब जास्त प्रामाणिक, फक्त किचकट, कारण कुठल्या उद्योगाचा माल कुठे गेला याचे तक्ते लागतात आणि ते वर्षानुवर्षं जुने असतात.

रिकामटेकडा:
तू तुलना वाचलीस ती घरामागे होती की दरडोई? एकट्या माणसालाही फ्रिज अख्खाच लागतो, पाच जणांत तोच वाटला जातो. जिथे कुटुंबं लहान तिथे घरामागचा आकडा कमी दिसतो आणि माणसामागचा जास्त, तेव्हा ते आधी बघ.