विषय: सोन्याच्या घड्याळ-केससाठी सोलापुरात टर्नर (लेथवर धातू कातणारा कारागीर) हवा

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार,

वडिलांच्या एचएमटीच्या चावीच्या घड्याळाचे यंत्र अजून उत्तम चालते, परंतु केसचा मुलामा उडून पितळ उघडे पडले आहे. त्यासाठी १८ कॅरेट सोन्याची नवी केस करून घ्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सोलापुरातील सराफ म्हणतात की असे कातकाम आमच्याकडे होत नाही. होटगी रस्त्यावरील एका कारखान्याने सोन्याला हात लावण्यास नकार दिला. कोणाच्या माहितीत योग्य कारागीर आहे काय?

——

नमस्कार,

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे टूलरूम (कारखान्यातील साचे-हत्यारे बनवणारा विभाग) सांभाळली, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही कामे करणारा एकच माणूस शोधू नका. सराफाचा कारागीर आणि टूलरूमचा टर्नर यांची गाठ घालून द्या. टर्नरला धास्ती असते ती अचूकतेची नव्हे, तर वजनाच्या हिशेबाची. ३६ मिमी व्यासाची आणि १० मिमी जाडीची भरीव चकती घेतली, तर सोने दीडशे ग्रॅमहून अधिक लागते; तेच मध्ये २९ मिमी पोकळी असलेले कडे सराफाकडून ठोकून घेतले, तर ५५ ग्रॅमच्या आसपास भागते. कडे ओतीव नको, कारण ओतकामातील बारीक छिद्रे नेमकी पॉलिशच्या वेळी वर येतात.

आधी संपूर्ण केस पितळेत करून यंत्र, काच आणि चावी बसवून पाहावी. त्यानंतर लेथ कसून साफ करून घ्यावा, कारण कातताना पडणाऱ्या सोन्याच्या किसात लोखंड मिसळले तर चुंबकाने निघते, पितळ मात्र निघत नाही. कडे देताना, आणि परत घेताना कड्यासह किसाचे, वजन दोघांसमोर करावे. किस गलाईवाल्याकडून (सोने वितळवून शुद्ध करणाऱ्याकडून) आटवून घ्यावा. आपल्या शेजारच्या आटपाडी-विट्याची माणसे हे काम देशभर करतात, त्यामुळे तिथे अडचण येणार नाही. हॉलमार्कच्या सक्तीतून घड्याळे वगळलेली आहेत, तेव्हा टंच (सोन्याची शुद्धता) स्वतः काढून घ्यावा; हजारात ७५० भाग सोने भरले पाहिजे. मागचे झाकण आट्यांचे (फिरवून बसणारे) करू नये, कारण सोन्यावर सोन्याचे आटे घासून अडकतात. दाबून बसणारे झाकण बरे.

——

आदरणीय काका,

मनःपूर्वक आभार. पट्ट्याचे कान कातकाम झाल्यावर डाख लावून (तापवून जोडून) बसवले तर चालतील का?

——

चालणार नाहीत. डाख लावताना कडे तापून नरम पडते आणि त्याचा गोलावा बिघडतो. कान आधी बसवून घ्यावेत; आतली पोकळी शेवटच्या मापाला त्यानंतरच कातावी, आणि पट्ट्याच्या पिनांची भोके दोन्ही बाजूंना एकाच जिगवर (भोकांची जागा पक्की धरणाऱ्या साच्यावर) पाडावीत. पितळी नमुन्याचे रेखाचित्र पाठवल्यास मी मापे तपासून देईन.