'अनाक्रमक संनिरीक्षण' : सोपा शब्द सुचवा

खानापूर : हृदयाचं ऑपरेशन झालेल्या तान्ह्या बाळांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. मसुद्यात 'रक्ताभिसरणाचे अनाक्रमक संनिरीक्षण' (इंग्रजीत नॉन-इन्व्हेसिव्ह मॉनिटरिंग) असं आलंय. मावशी वाचून म्हणाली, "बाळावर कोण आक्रमण करणार हाय?"

निपाणी : 'विनाछेद' चालेल.

शहापूर (मी नर्स) : विनाछेद कोण बोलतंय? 'न टोचता' म्हणा की. खरं सांभाळून. ऑपरेशननंतर बाळाच्या धमनीत बीपीची नळी असतेच, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासायला रक्तही काढतात. 'बाळाला टोचत नाहीत' असं छापलंत आणि आईनं ती नळी बघितली की भांडण ठरलेलं. 'या तपासणीसाठी वेगळं टोचावं लागत नाही' एवढंच लिहा.

निपाणी : आणि 'संनिरीक्षण'?

खानापूर : 'निगा' घालू काय? कन्नड पाटीवर आयसीयूला 'तीव्र निगा घटक' असतंय.

शहापूर : नको. कन्नडात निगा म्हणजे नजर ठेवणं, आपल्यात निगा राखणं म्हणजे जपणं. 'लक्ष ठेवणे' लिहा. रक्ताभिसरण राहू दे, शाळेत सगळ्यांनी वाचलंय. खरी गोम 'ऑक्सिजन'मध्ये आहे. पायाला लाल दिव्याचा सेन्सर असतो, तो धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. कपाळाला चिकटवलेली पट्टी वेगळी. तिचा अवरक्त प्रकाश कातडी आणि हाडातून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जातो, आणि तिथलं बरंचसं रक्त शिरांतलं, म्हणजे मेंदूनं ऑक्सिजन वापरून झाल्यावरचं. म्हणून पायाला ९८ आणि कपाळाला ७० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. घरचे मात्र दोन्ही आकडे बघून हादरतात. पहिल्याला 'रक्तातला ऑक्सिजन' आणि दुसऱ्याला 'मेंदूनं वापरून उरलेला ऑक्सिजन' म्हणा. कपाळाचा आकडा किती, यापेक्षा तो उतरत चाललाय का, हे आम्ही बघतो. अशीच पट्टी कमरेच्या बाजूला, मूत्रपिंडावरही लावतात.

खानापूर : मग ९८ 'नॉर्मल' म्हणून छापू?

शहापूर : अजिबात नको. एकाच कप्प्यावर हृदय चालणाऱ्या बाळांना पहिल्या ऑपरेशननंतर पायाला ७५ ते ८५ सुद्धा ठीक धरतात.

चिकोडी : मशिनशिवाय काय बघतात, तेही येऊ द्या की.

शहापूर : छातीच्या हाडावर बोट ५ सेकंद दाबून सोडायचं. पांढरा पडलेला ठिपका २-३ सेकंदांत भरून यायला हवा. आम्ही 'रंग भरायला वेळ लागतोय' म्हणतो, तेच लिहा. अंग गरम आणि पाय गार, लघवी कमी, ही लक्षणंही तशीच, रक्ताभिसरण कमी पडल्याची. ऑपरेशननंतर ६ ते १८ तासांत हृदयाचा जोर कमी पडण्याची भीती जास्त, म्हणून पहिल्या रात्री आम्ही सारखं पाय चाचपतो. 'परिधीय तापमान' लिहू नका, 'पाय गार लागणे' पुरे.

निपाणी : ऑक्सिजनला 'प्राणवायू' करा तरी.

चिकोडी : ऑक्सिजनच बरा. मागच्या पानावर कन्नडात 'आम्लजनक' येणार, ते वाचून आमच्याकडचा माणूस ॲसिडिटीची गोळी मागेल.