2075 चा विदर्भ, कथेसाठी मदत पायजे

राजेहो, एक कथा लिहून रायलो, 2075 मधलं यवतमाळकडचं गाव, पाऊस येतच नाई अन् आला तं दोन दिसात सारा, सरकारनं विहिरीवर मीटर लावलेत, बियाणं बी परवानगीनंच पेरा लागते. मित्र म्हणते जास्तच होऊन रायलं, वाचकाले पटन काय?

अकोटवाला:
काहून नाई पटन बे? भूजलाचा कायदा तं 2009 चाच हाय, 60 मीटरच्या खाली विहीर खोदाले बंदी. अन् बियाण्याचं म्हणशीन तं 2019 मधी आमच्याकडंच शेतकऱ्यायनं एचटीबीटी (तणनाशक सोसणारी, सरकारची परवानगी नसलेली) कपाशी उघड पेरली, तवा पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत जेल होती.

वऱ्हाडी_वाचक:
लातूरचं 2016 पाह्य. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साऱ्यायले आठवते, पण टाक्यांजवळ 144 कलम लावलं होतं ते कोणी बोलत नाई. आन ड्रोनफ्रोन नको टाकू कथेत, बोर होते. कोतवाल ठेव, वही घेऊन पाण्याचे गुंड मोजणारा, अन् भाच्याच्या घरी गपचूप एक गुंड जास्त सोडणारा.

चांदागड:
चंद्रपूर आताच उन्हाळ्यात 46 अंश पार करते भाऊ, मंग तवा दुपारी वावरात कोण जाईन? डोक्याले लाइट बांधून रातीचं निंदन दाखव. अन् पूर्णेकडचा खारपाणपट्टा घे, तिथं बोअरले पाणी लागलं तरी खारंच, सरकार मीटर लावून मोजन काय, मीठ?

कोतवाल घेतला राजेहो. पण मीटर काढत नाई!