तीन महिन्यांची पिल्लं ढासतात, निमोनियाची लस आता देऊ का?

नवा वराहपालक, फलटण:
माझ्याकडे यॉर्कशायर जातीच्या ८ डुकरिणी आहेत. तीन महिन्यांची २६ पिल्लं एकाच खोलीत. पंधरा दिवस झाले, सकाळी खाद्य घेऊन गेलो की उठता उठता कोरडं ढासतात. खातात, पण एकाच वेतातली लहान-मोठी दिसायला लागलीत. परवा एक गेलं. शेवटी कुत्र्यासारखं पुढच्या पायांवर बसून होतं, कुशी भात्यासारख्या उडत होत्या. तीन दिवस पेनिसिलिन टोचलं, ढास तशीच. शेजारी म्हणतात, गुरांना देतात ती घटसर्पाची लस टोच. सगळ्यांना देऊ का? फार जीव लावलाय हो यांना.

निवृत्त पशुवैद्य, सातारा:
ढासणाऱ्या पिल्लाला लस नको, दादा. तिचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. लक्षणं मायकोप्लाझ्मा या जंतूची वाटतात. पेनिसिलिन जंतूची भिंत पाडतं, आणि या जंतूला भिंतच नसते. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन चालतं. डोस तुमच्या डॉक्टरांना वजन बघून ठरवू द्या. घटसर्प डुकरांनाही होतो, पण ती लस पाश्चुरेला या दुसऱ्या जंतूच्या बी प्रकारावर आहे. डुकराच्या फुप्फुसात बहुतेक वेळा त्याचा ए प्रकार सापडतो.

आता एखादं मेलं तर पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलवा. फुप्फुसाचे पुढचे, खालचे भाग जांभळट आणि मांसासारखे घट्ट असतील तर मायकोप्लाझ्मा आणि मागाहून शिरलेला पाश्चुरेला. मागच्या भागावर काळपट लाल डाग नि वर सायीसारखा थर असेल तर अॅक्टिनोबॅसिलस हा तिसराच जंतू, त्याची लस निराळी. नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाऊ देत. मात्र मोठी डुकरंही तापाने पटापट मरायला लागली, कान-पोट निळं पडलं, तर उघडू नका, आधी सरकारी दवाखान्यात कळवा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर असू शकतो.

वराहपालक ताई, कोल्हापूर:
डॉक्टरसाहेब म्हणतात तेच. माझी पिल्लं पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात मायकोप्लाझ्माची लस घेतात, कानामागे मानेत. लसीने जंतू शेडमधून जात नाही, पण ढास खूप कमी होते आणि वजन मिळतं. बाटली २ ते ८ अंशांत ठेवा. माझी एकदा फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठली. वितळवून टोचली, आणि ती अख्खी तुकडी पावसाळाभर ढासली. गोठलेली बाटली टाकूनच द्यायची.

आणि एक करा. रात्री पडदे पाडलेले असताना पिल्लाच्या नाकाएवढ्या उंचीवर पाच मिनिटं बसा. उभ्या माणसाला तिथला मुताचा उग्र वास (अमोनिया) कळत नाही, त्यानेही ढास वाढते.

नवा वराहपालक, फलटण:
ताई, आत्ता बसून आलो. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी. थंडी लागेल म्हणून मीच चारी बाजूंनी ताडपत्री बांधली होती, खालपर्यंत. वरची दीड फूट सोडली, ओला भुसा काढतोय. डॉक्टर सकाळी येतायत. पुढच्या आठवड्यात दोन माद्या वितील, त्यांच्या पिल्लांसाठी लस आजच सांगून ठेवतो.