एमआर फ्लुइडचा डॅम्पर ब्लोअरला लावून फरक पडेल का?

अंबडचा फिटर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे अंबडला लांब शाफ्टचा एक ब्लोअर आहे, २९०० आरपीएमला एकदम शांत, बेअरिंग हाउसिंगवर पाच रुपयाचं नाणं उभं राहतं, पण चालू-बंद करताना १८०० च्या आसपास असा हादरतो की फाउंडेशनचे बोल्ट दोनदा ढिले झाले. बॅलन्सिंग करून आणलं तरी तेच. मुलगा मेकॅनिकलला आहे, तो म्हणतो पप्पा एमआर (मॅग्नेटोरिऑलॉजिकल) तेलाचा, कंपन शोषणारा डॅम्पर लावा, करंट दिला की तेल घट्ट होतं. खरंच होतं का?

सातपूर मेंटेनन्स:
दादा, पोरगं बरोबर बोलतंय. तेलात काही मायक्रॉनचे लोखंडाचे कण असतात, चुंबकीय क्षेत्र आलं की ते रांगा धरतात आणि काही मिलिसेकंदांत पातळ तेलाचं चक्क्यासारखं होतं. १९४०च्या दशकात अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी हे क्लचसाठी काढलं होतं. तुमचा १८०० म्हणजे क्रिटिकल स्पीड दिसतोय, म्हणजे शाफ्ट स्वतःच्या नैसर्गिक कंपनाशी जुळून सर्वात जास्त हादरतो तो वेग, तिथे डॅम्पिंग हवंच. पण क्रिटिकलच्या साधारण १.४१ पट पुढे गेलं की जास्त डॅम्पिंगने फाउंडेशनला जोर उलट जास्त जातो, आणि तुम्ही १.६ पटीवर चालवताय. कायमचा कडक डॅम्पर बसवलात तर आत्ता उभं राहणारं नाणं पडेल. एमआरमध्ये १८०० ओलांडेपर्यंत करंट द्यायचा, मग बंद करायचा, मला तरी हेच त्याचं खरं मोल वाटतं.

सिन्नरकर:
भाऊ, तेल बेअरिंगच्या आत जाता कामा नये हं, लोखंडाचे कण रेसवे (गोळ्या फिरतात ती वाट) खाऊन टाकतील. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवती सील करून तेलाची पातळ फिल्म ठेवतात. शिवाय लोखंड तेलापेक्षा कितीतरी जड, मशीन दोन दिवस उभं राहिलं की कण खाली बसायला लागतात. कॉइलच्या लोखंडी कोरमध्ये चुंबकत्व उरलं तर करंट बंद करूनही तेल पूर्ण पातळ होत नाही, थोडा उलटा करंट द्यावा लागतो. आधी ड्राइव्हचा रॅम्प (वेग चढवायला लागणारा वेळ) कमी करून १८०० झटकन ओलांडून बघा, फुकटात होतं.

अंबडचा फिटर:
रॅम्प कमी केला सर, चालू करताना बराच फरक आहे. पण लाइट गेली की तो आपोआप हळूहळू थांबतो आणि १८०० वर रेंगाळतो, बोल्ट ढिले होतात ते तेव्हाच.

सातपूर मेंटेनन्स:
मग कॉइलला बॅटरी लागेलच, लाइट गेली की करंट तिच्यातून. त्याआधी थांबताना फेज (शाफ्टवरच्या खुणेच्या मानाने कंपनाचा कोन) मोजून घ्या, १८०० ओलांडताना साधारण १८० अंश फिरली तर क्रिटिकलच आहे, पण बोल्ट नीट आवळून मगच मोजा, ढिल्या पायावर क्रिटिकल स्पीडचा आकडा खाली सरकतो.