इंग्लंड : आजारपणामुळे शिक्षण स्थगित, औषधांच्या खर्चाला सरकारी मदत कोणती?

प्रश्न : अनुस्वार

वय २०, पदवीचं दुसरं वर्ष, इंग्लंडचाच कायम रहिवासी. डिप्रेशनमुळे विद्यापीठाच्या संमतीने वर्षभरासाठी शिक्षण थांबवलं आहे. विद्यार्थी कर्ज बंद होणार, नोकरी झेपण्यासारखी स्थिती नाही, सध्या मुक्काम आईवडिलांकडे. महिन्याला तीन औषधं लागतात. डॉक्टरांच्या पत्रावर ती मोफत मिळतात का? युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचा काही उपयोग? जाणकारांनी कृपया सांगावं. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना यातलं काय लागू होतं, तेही लिहिलंत तर बरं.

खलबत्ता

डॉक्टरांच्या पत्राने काही होत नाही. आजारामुळे औषधं मोफत मिळतात ती मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेटवर. त्याची यादी ठरलेली आणि आखूड आहे : कॅन्सर, औषधावर असलेला मधुमेह, सतत औषध लागणारी अपस्मार, गोळी घ्यावी लागणारा हायपोथायरॉइड, आणखी मोजके आजार. डिप्रेशन त्यात नाही. दमाही नाही, आणि यामागचं तर्कशास्त्र विचारू नका. यादीतला एखादा आजार सोबत असेल तर मात्र दवाखान्यातून एफपी९२ए फॉर्म भरून घ्या. ते सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं आणि सगळ्याच औषधांना लागू होतं, फक्त त्या आजाराच्या नव्हे.

वयाची सवलत १६ ते १८ वर्षांच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना आहे, म्हणजे इथे तोही मार्ग बंद.

पौंडपावली

या प्रकरणात खरा मार्ग एकच : एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) लो इन्कम स्कीम. फॉर्म एचसी१. बचत १६,००० पौंडांच्या आत असेल तर अर्ज करता येतो. मग ते तुमचं उत्पन्न आणि नियमाने धरलेली गरज यांची तुलना करतात. उत्पन्न गरजेपेक्षा कमी असेल, किंवा जास्त असलं तरी एका प्रिस्क्रिप्शन शुल्काच्या (दर औषधामागे भरायच्या ठरावीक रकमेच्या) निम्म्याहून जास्त नसेल, तर एचसी२ सर्टिफिकेट मिळतं. त्यावर औषधं पूर्ण मोफत, शिवाय दात आणि डोळ्यांची तपासणीही.

त्याऐवजी एचसी३ सर्टिफिकेट आलं तर ती अर्धवट मदत. दात, चष्मा, दवाखान्याचा प्रवास यांना चालते, औषधांना चालत नाही. लोक ते घेऊन फार्मसीत जातात आणि हिरमुसले होऊन परततात.

फॉर्म कधी भरताय याला महत्त्व आहे. कर्जाचे हप्ते चालू असताना भरला तर ते उत्पन्नात धरले जातात आणि एचसी३ वर बोळवण होऊ शकते. तसं झालं असेल तर हप्ते थांबल्यावर नव्याने अर्ज करा, परिस्थिती बदलली की तो करता येतो. सोबत शिक्षण स्थगित केल्याचं विद्यापीठाचं पत्र आणि कर्ज कधीपर्यंत मिळालं याचा कागद जोडा. आईवडिलांचा पगार यात मोजत नाहीत.

कर्जाबद्दलही एक : आजारपणामुळे खंड पडला तर पहिल्या ६० दिवसांचं कर्ज साधारणपणे चालू राहतं. त्यापुढचं स्टुडंट फायनान्सच्या (विद्यार्थी कर्ज देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) मर्जीवर. हलाखीचे पुरावे देऊन मागावं लागतं. मिळालंच तर एचसी१ मध्ये तेही दाखवायचं.

खलबत्ता

निर्णय येईपर्यंतचा हिशोब : १ मे २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड. तीन औषधं म्हणजे महिन्याला २९.७०. तीन महिन्यांचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (एकदा आगाऊ पैसे भरले की त्या काळातली सगळी औषधं त्यात) ३२.०५ पौंडांना आहे, म्हणजे दुसऱ्या महिन्यातच वसूल. वर्षाचं ११४.५०, तेही दहा हप्त्यांत भरता येतं. पण एचसी२ मिळण्याची शक्यता चांगली असेल तर वर्षाचं घेऊ नका, तीन महिन्यांचं पुरे.

प्रीपेमेंट न घेता सुटे पैसे भरत असाल तर पैसे देतानाच एफपी५७ पावती मागा. नेहमीची बिलाची पावती परताव्याला चालत नाही आणि एफपी५७ नंतर देत नाहीत. एचसी२ मागाहून मिळालं तर पैसे भरल्यापासून तीन महिन्यांत परतावा मागायचा.

गल्लीतला_वकील

युनिव्हर्सल क्रेडिटची भानगड : शिक्षण स्थगित केलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही विद्यार्थीच असता, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते सहसा मिळत नाही. आजारपणाचा अपवाद आहे, पण तो उलटा : आजारातून बरे झालात, विद्यापीठात परतायची वाट बघताय आणि त्या काळात कर्ज किंवा अनुदान मिळू शकत नाही, तर हक्क मिळतो. अजून आजारीच असाल तर नाही! नाव कायमचं काढून घेतलं तर विद्यार्थीपण संपतं, पण निव्वळ औषधांसाठी कोणी तसं करू नये.

आणि ते मिळालं म्हणजे औषधं आपोआप मोफत असंही नाही. मागच्या महिन्याची कमाई ४३५ पौंडांपर्यंत हवी. मूल असेल किंवा काम करण्याची क्षमता मर्यादित ठरली असेल तर ९३५ पर्यंत.

व्हिसावरची मुलं : युनिव्हर्सल क्रेडिट मागूच नका, तो 'पब्लिक फंड्स'मध्ये (व्हिसावरच्यांना बंद असलेल्या सरकारी मदतीत) येतो आणि व्हिसाची अट मोडते. एचसी१ त्यात येत नाही, तो बिनधास्त भरा. व्हिसाबरोबर भरलेल्या हेल्थ सरचार्जमध्ये इंग्लंडातलं प्रिस्क्रिप्शन शुल्क धरलेलं नसतं, हा गैरसमज फार आहे. बचतीत परदेशातली खातीही दाखवायची. फीसाठी आलेली शैक्षणिक कर्जाची रक्कम खात्यात पडून असेल तर १६,००० ची मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून फी भरून झाल्यावर अर्ज करा. मात्र आजारपणाची रजा ६० दिवसांपुढे जाणार असेल तर विद्यापीठाच्या व्हिसा विभागाशी आधी बोला. तिथे औषधांपेक्षा मोठा प्रश्न उभा राहू शकतो.

अनुस्वार

आभार. एचसी२ येणारच असं गृहीत धरून फार्मसीत 'मोफत' वर खूण केली तर?

पौंडपावली

अजिबात नको. मागाहून तपासणी होते, मूळ शुल्क वसूल करतातच, वर १०० पौंडांपर्यंत दंड. तो २८ दिवसांत भरला नाही तर आणखी ५० पर्यंत.

खलबत्ता

शुल्क औषधामागे आहे, गोळ्यांच्या संख्येमागे नाही. २८ दिवसांच्या गोळ्यांना ९.९० आणि ५६ दिवसांच्याही तेवढेच. मात्रा स्थिरावली असेल तर डॉक्टरांना दोन महिन्यांची द्यायला विचारून बघा. डिप्रेशनमध्ये ते कधी मुद्दाम कमी गोळ्या देतात, तिथे हट्ट धरू नका. एकाच औषधाच्या दोन ताकदीच्या गोळ्या एका प्रिस्क्रिप्शनवर असतील तर एकच शुल्क लागतं. तेच औषध गोळी आणि कॅप्सूल असं दोन रूपांत असेल तर दोन.